बोकडाचं कातडं घरी कमावताना

पहिलं कातडं मी परसातल्या शेवग्याखाली पुरलं. दुसरं वाळल्यावर इतकं कडक झालं की भिंतीला टेकवलं तर उभं राहायचं. आमच्या घरात त्याला अजून ‘पापड’ म्हणतात. तिसऱ्याच्या वेळी मात्र कोल्हापूरच्या एका जुन्या कारागिराला, अण्णांना, गाठलं. त्या कातड्यातून चार वह्यांचे पुठ्ठे मढवून झाले आणि एक चष्म्याचं घर निघालं.

मी हाताने वह्या बांधते. बाजारात बकऱ्याचं चामडं मिळतं, पण ते बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं. मऊ असतं, रंग छान असतो, पण ओलं करून त्यावर नक्षीचा ठसा मारला तर धड उमटत नाही. सालीच्या पाण्यात कमावलेल्या चामड्यावर तो कायमचा बसतो. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी या भानगडीत पडले. तुम्हीही पडणार असाल तर माझी दोन कातडी वाया गेली, तुमचं एकही जाऊ नये, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

एकूण दीड महिना लागतो. रोजचं काम अर्ध्या तासाचं, पण रोजचं. मध्ये चार दिवस लग्नाला जायचं असेल तर लग्न उरकून मगच सुरुवात करा.

आधी हरणाचं बोलून घेऊ

‘घरी कातडं कमवायचं’ असं शोधलं की परदेशातले हरणाच्या कातड्याचे व्हिडिओ समोर येतात. आपल्याकडे तो विषय बंद आहे. चितळ, सांबर, भेकर, काळवीट ही सगळी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. कातडं विकणं तर सोडाच, विकत घेणं आणि जवळ ठेवणं हाही गुन्हा. रानात मेलेलं सापडलं, कुत्र्यांनी मारलं, गाडीखाली आलं, काहीही असो, हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं. पणजोबांच्या पूजेतलं मृगाजिन घरात असेल तर त्याचं मालकी प्रमाणपत्र आहे का ते घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि त्याच्यावर प्रयोग तर मुळीच नको.

गाय-बैलाच्या कातड्याच्याही वाटेला जाऊ नका. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे कातडं कुठून आलं हे सिद्ध करत बसावं लागेल. शिवाय एवढं जाड कातडं घरच्या पिंपात झेपत नाही. म्हशीचंही तेच. नवशिक्याने शेळी, बोकड किंवा मेंढी. त्यातही बोकड, कारण मेंढीच्या कातड्यात चरबी फार आणि ते सैल असतं. चिमटीत धरलं तर वरचा पापुद्रा सुटतो की काय असं वाटतं.

काय काय लागेल

साधारण दोन किलो वजनाच्या एका ओल्या कातड्याचा हिशोब देते.

- खडे मीठ, दोन किलो. बारीक मीठ चालतं, पण त्याचे गठ्ठे होतात.
- विरवलेला चुना, पाव किलो. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतो.
- बाभळीची वाळलेली साल, तीन ते चार किलो.
- मोठा हिरडा, अर्धा किलो.
- गव्हाचा कोंडा, दीडशे ग्रॅम. चक्कीवाला फुकट देतो.
- करंजाचं तेल, शंभर मिली. एरंडेल चालेल, पण ते चिकट.
- प्लास्टिकची झाकणाची दोन पिंपं, साठेक लिटरची. लोखंड नको, पत्रा नको, गॅल्व्हनाइज्डची बादली नको.
- सहा इंची पीव्हीसी पाइपचा चार फुटी तुकडा, किंवा गुळगुळीत ओंडका.
- बोथट सुरी. धार लावलेली नव्हे, लावायची राहून गेलेली.
- कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, जुने कपडे, मोकळी जागा आणि पाण्याचा नळ.

हिरडा घेताना एक घोळ होतो. काष्ठौषधीच्या दुकानात नुसतं ‘हिरडा द्या’ म्हटलं की बाळहिरडा देतात, तो काळा, छोटा, औषधाचा आणि महाग. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले आदिवासी जो गोळा करून विकतात तो मुख्यतः हाच. कातड्याला पूर्ण पिकलेला, पिवळट, सुरकुतलेला मोठा हिरडा लागतो. तो स्वस्तही असतो.

सालीबद्दल: साल जिवंत झाडाची ओरबाडून काढू नका, झाड मरतं. बांधावरची बाभूळ तोडली जाते, फांद्या छाटल्या जातात, तेव्हा सांगून ठेवायचं. वखारीतही मिळते. बाभूळ मिळालीच नाही तर तरवडाची साल चालते. माळरानावर पिवळ्या फुलांची झुडपं दिसतात ती. दक्षिणेत, मद्रासकडे, बकऱ्या-मेंढ्यांची कातडी पिढ्यान्‌पिढ्या तरवडावरच कमावली गेली.

हंगाम थंडीचा. दिवाळीनंतर सुरू करून महाशिवरात्रीच्या आत संपवा. उन्हाळ्यात कातडं सडतं, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. माझं पहिलं कातडं मी मे महिन्यात केलं होतं, म्हणून ते शेवग्याखाली आहे.

पायरी १: कातडं आणणं

मटणाच्या दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा की कातडं सुरीने न सोलता मुठीने सोडवून दे. म्हणजे मांसाच्या बाजूने चिरा पडत नाहीत. हा त्यांना येणारा प्रकार आहे, घाईत करत नाहीत इतकंच. घेताना उजेडासमोर धरून बघा. प्रत्येक चीर पुढे भोक होणार आहे.

कापल्यापासून दोन-तीन तासांत कातडं मिठात गेलं पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, गाडीच्या डिकीत ठेवून, वाटेत चहा पिऊन घरी आलात तर ते आतून तापलेलं असतं. वरून काही कळत नाही. आठ दिवसांनी केसांबरोबर वरचा पापुद्राही निघून येतो तेव्हा कळतं.

अचानक, कारण न कळता मेलेल्या जनावराचं कातडं कधीही घेऊ नका, कुणी फुकट दिलं तरी. काळपुळी, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा फाशी रोग, कातड्यातून माणसाला होतो, आणि त्याचे जंतू मिठाला दाद देत नाहीत.

पायरी २: मीठ

सावलीत, उतार असलेल्या फरशीवर मांसाची बाजू वर करून पसरा. लोंबणारं मांस आणि चरबीचे गोळे हाताने ओढून काढा. मग किलोभर मीठ घेऊन कडेपर्यंत चोळा. मान, पाय आणि शेपटीकडे कातडं आत वळतं, तिथे बोटांनी उलगडून चोळायचं. सडायला सुरुवात तिथूनच होते.

दुसऱ्या दिवशी खाली लालसर पाणी सुटलेलं असेल. ते मीठ झटकून टाका, उरलेलं नवं मीठ लावा, घडी घालून गोणपाटावर ठेवा. असं कातडं थंडीत महिनाभर राहतं, म्हणजे पुढच्या पायरीला तुम्हाला सवड मिळेपर्यंत थांबता येतं. त्यानंतर सहा आठवडे थांबता येत नाही.

पायरी ३: भिजवणं

भरपूर साध्या पाण्यात एक रात्र. मधे दोनदा पाणी बदला. सकाळी ते नुकत्याच काढलेल्या कातड्यासारखं लिबलिबीत झालं पाहिजे. कडेचा एखादा भाग कडक राहिला असेल तर तेवढा चोळून पुन्हा भिजवा. जिथे पाणी शिरलं नाही तिथे चुना शिरणार नाही, आणि चुना शिरला नाही तिथे साल शिरणार नाही.

पायरी ४: चुना

पिंपात वीस लिटर पाणी, त्यात पाव किलो विरवलेला चुना ढवळून. कळीचा चुना मिळाला असेल तर तो आधी वेगळ्या भांड्यात विरवा, आणि चुना थोडा थोडा पाण्यात घाला. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळून अंगावर उडतो. चष्मा इथे लागतो. डोळ्यात गेलाच तर नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

कातडं पूर्ण बुडवून वर एक वजनदार फरशी ठेवा. चुना तळाला बसतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ काठीने खालीवर करायचं. हे दोन वेळचं ढवळणं चुकवू नका. माझ्या ‘पापडा’वर केसांचे ठिपके राहिले ते मी तीन दिवस ढवळलंच नाही म्हणून.

सहा ते दहा दिवस लागतात. पाठीच्या कण्यावरचे आणि मानेवरचे केस सगळ्यांत हट्टी. तिथे चिमटीने ओढल्यावर झुपका सहज हातात आला की झालं. पोटाकडचे केस तिसऱ्याच दिवशी सुटतील, त्याला भुलू नका. आणि ‘अजून चार दिवस राहू दे’ असंही नको, कातडं भुसभुशीत होतं.

मोठ्या कारखान्यांत चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड घालतात, केस एका रात्रीत जातात. घरी ते आणू नका. त्याला आम्ल लागलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. नासक्या अंड्यासारखा त्याचा वास सुरुवातीला येतो, आणि वायू वाढला की नाकच बधिर होऊन वास यायचा थांबतो. टाक्या साफ करायला उतरलेली माणसं याच वायूने गेली आहेत.

पायरी ५: केस आणि मांस काढणं

पाइप कमरेइतक्या उंचीवर तिरका टेकवा, एक टोक भिंतीला, दुसरं पोटाशी. पोटावर प्लास्टिकचा एप्रन बांधा. केसांची बाजू वर घेऊन कातडं पाइपवर टाका आणि सुरीची बोथट कड दोन्ही हातांनी धरून पुढे ढकला. केस लोण्यासारखे सरकत जातात. खाली दिसणारं पांढरं, किंचित निळसर कातडं पहिल्यांदा बघताना मी दोन मिनिटं नुसती उभीच राहिले होते.

मग उलटं करून मांसाची बाजू. इथे जोर लागतो, आणि इथेच मी रापी काढली होती. रापी म्हणजे चांभारांचं चामडं तासायचं धारदार हत्यार. मला वाटलं आपण आता खरे कारागीर. अण्णांनी ती हातातून काढून घेतली. म्हणाले, “ही वाळल्यावर. आत्ता चालवलीस तर भोकं मोजत बसशील.” मांस बोथट कडेनेच खरवडायचं, निघत नसेल तर चुन्यात आणखी एक दिवस ठेवायचं. पातळ पांढरा पापुद्रा राहिला तरी चालतं, तो शेवटी खरकागदाने जातो.

कडेचे, पायांचे लोंबते तुकडे कात्रीने कापा आणि बाजूला ठेवा. फेकू नका, त्यांचं शेवटी काम आहे.

पायरी ६: चुना उतरवणं

ही पायरी बहुतेक व्हिडिओंत दोन वाक्यांत उरकतात. ‘पापड’ इथेच झाला.

चुना आत राहिला तर सालीचं पाणी त्याच्याशीच झगडत बसतं, कातडं काळपट पडतं आणि वाळल्यावर तडकतं. आधी वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवा, मग पूर्ण दिवस साध्या पाण्यात ठेवून चार-पाच वेळा पाणी बदला. त्यानंतर कोंडा. दहा लिटर कोमट पाण्यात दीडशे ग्रॅम कोंडा आदल्या रात्री भिजवून ठेवायचा. सकाळी त्याला आंबूस वास येतो, आंबिलीसारखा. त्यात कातडं सोडा. तीन-चार तासांत बुडबुडे धरून ते वर तरंगायला लागतं. दाबून खाली बुडवा. पुन्हा वर येतं, पुन्हा बुडवा. असं दोन-तीनदा झालं की बाहेर काढून धुवून घ्या. रात्रभर त्यात विसरलात तर कातड्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

चुना गेला हे कसं ओळखायचं? कारखान्यात त्यासाठी फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब वापरतात. घरी हळद आहे. मानेकडच्या जाड भागातून बोटभर पट्टी कापा आणि कापलेल्या कडेवर हळदीचं पाणी लावा. हळद पिवळीच राहिली तर चुना गेला. मधोमध लाल रेघ उमटली तर आत चुना आहे. हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तेच इथे आपल्या कामाला येतं. हे मला अण्णांनी नाही, सासूबाईंनी सुचवलं.

चांगलं उतरलेलं कातडं हातात रेशमी लागतं. चिमटीत दाबलं तर बोटाचा ठसा थोडा वेळ तसाच राहतो.

पायरी ७: सालीचं पाणी

आता खरं कमावणं. साल कुटून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. किलोभर साल दहा लिटर गरम पाण्यात दोन दिवस भिजत ठेवा. उकळायची नाही, रंग फार गडद येतो. हे झालं पक्कं पाणी. गाळून घ्या, तीच साल दुसऱ्यांदा भिजवून निघालेलं कच्चं पाणीही उपयोगी पडतं.

नवशिक्याला वाटतं, पाणी जितकं दाट तितकं लवकर. उलटं होतं. दाट पाण्यात टाकलं की कातड्याचा वरचा थर ताबडतोब आवळतो, दार बंद होतं, आणि आतलं कच्चंच राहतं. मोठ्या आचेवरच्या भाकरीसारखं: वरून करपली, आत पीठ. म्हणून पाणी हळूहळू चढवत न्यायचं.

पहिले तीन दिवस एक भाग पक्कं पाणी आणि चार भाग साधं. पहिल्या दिवशी तर दर तासाला कातडं हलवा, नाहीतर घडीच्या खुणा पडतात आणि त्या शेवटपर्यंत जात नाहीत. चौथ्या दिवसापासून एकास दोन. आठव्या दिवसापासून निम्मं-निम्मं, आठवडाभर. पंधराव्या दिवशी पिंपाच्या तळाला कुटलेल्या सालीचा थर, त्यावर कातडं, वर पुन्हा साल, त्यात अर्धा किलो हिरडा बी काढून कुटून मिसळलेला, आणि वरून पक्कं पाणी. आता रोज एकदा उलथापालथ केली तरी पुरे. असे आणखी दोन ते तीन आठवडे.

हिरडा शेवटी का? नुसत्या बाभळीने रंग विटकरी-तांबूस आणि कातडं जरा ताठ होतं. हिरड्याने ते भरतं, रंग उजळतो, वर एक पिवळट साय धरते. हिरड्याच्या फळात साधारण तीस टक्के टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, असतं, बाभळीच्या सालीत त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून हिरडा जपून.

पाण्यात जोर उरलाय का हे बघायला गंजका खिळा पुरतो. त्यावर थेंबभर पाणी टाका. काळं पडलं तर टॅनिन आहे. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची शाई करायचे ती हीच काळी जादू. आणि म्हणूनच लोखंड पिंपाच्या जवळ नको. माझ्या दुसऱ्या कातड्यावर घमेल्याच्या कडेचा गोल अजून दिसतो, कुणीतरी चहाचा काळा कप ठेवून गेल्यासारखा.

पाण्यावर पांढरी बुरशी धरली तर घाबरू नका, झाऱ्याने काढून टाका. वास आंबट, ओल्या लाकडासारखा हवा. सडका यायला लागला तर पाणी ओतून ताबडतोब नवं करा.

झालं कधी म्हणायचं? पुन्हा मानेकडून पट्टी कापा. कापलेल्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच तपकिरी रंग हवा. मधे पांढरी किंवा फिकट रेघ असली तर अजून कच्चं. खात्री नसेल तर ती पट्टी सत्तर अंशांच्या गरम पाण्यात टाका, म्हणजे भांड्याला बुडबुडे धरू लागलेत पण उकळी यायला अवकाश आहे असं. कच्ची पट्टी अळीसारखी आक्रसते. कमावलेली तशीच राहते.

म्हशीच्या जाड कातड्यासाठी कोल्हापूरकडे याहून वेगळी रीत होती, अण्णांनी लहानपणी केलेली. अर्धवट कमावलेल्या कातड्याची पिशवी शिवायची, तिवईला टांगायची, आत साल आणि पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात पडतं, ते पुन्हा वर ओतायचं. चार दिवसांनी पिशवी उलटी टांगून दुसरं टोक. कोल्हापुरी चपलेचा तळ अशा चामड्याचा. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत.

हे अण्णांकडून शिकताना एक गोष्ट मला टाळता आली नाही, तुम्हालाही टाळता येऊ नये. ही विद्या ढोर समाजाची. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे त्यांच्या सोबतच्या भक्तांमध्ये, ककय्या होते, त्यांचं नाव हा समाज आजही लावतो. मुंबईत धारावीत चामड्याचं काम उभं राहिलं त्यातही ही माणसं होती. ज्या वासासाठी त्यांना शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं, तोच वास मी परसात आणला की शेजारच्या काकू कौतुकाने ‘काय बाई हौस’ म्हणतात. अण्णांची मुलं या धंद्यात नाहीत आणि अण्णांना त्याचा आनंद आहे. शिकायला कुणाकडे गेलात तर त्यांच्या दिवसाची मजुरी द्या, पेढ्यांचा पुडा नव्हे.

पायरी ८: तेल

कातडं धुवा, पिळू नका. सपाट फरशीवर पसरून स्टीलच्या नव्हे, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत पाणी काढा. ओलं असतानाच तेल लावायचं. पाणी जात जातं तसं तेल त्याच्या जागी शिरतं. वाळल्यावर लावलं तर नुसतं वर बसतं. पन्नास-साठ मिली पुरे, मांसाच्या बाजूला जास्त, केसांच्या बाजूला नुसता हात फिरवण्यापुरतं. जास्त झालं तर कातडं महिनोन्‌महिने चिकट राहतं आणि वहीच्या पानांना डाग पडतात. करंजाचा वास उग्र असतो, पंधरा दिवसांत उतरतो.

मग सावलीत दोरीवर. उन्हात नाही, पंख्याखालीही नाही.

पायरी ९: मऊ करणं

‘चामडं कडक झालं’ अशी तक्रार करणारे बहुतेक जण ही पायरी वेळेवर करत नाहीत. अगदी ओलं असताना ओढून उपयोग नाही, पूर्ण वाळल्यावर ओढलं तर तडकतं. मधली वेळ साधायची. अण्णा कातडं गालाला लावून बघतात. गार लागलं की आत ओल आहे. गार आहे पण हाताला ओलं लागत नाही, ती वेळ. थंडीत साधारण दुसऱ्या दिवशी दुपारी येते आणि चार-पाच तास टिकते. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

खुर्चीच्या पाठीची कड किंवा फळीची गोल केलेली धार घ्या आणि मांसाची बाजू तिच्यावर ठेवून कातडं दोन्ही हातांनी खालीवर ओढा, जुन्या काळी खांबाला दोरी घासायचे तसं. उभं, आडवं, तिरकं. तपकिरी कातडं ओढल्या जागी फिकट होत जातं, तंतू सुटल्याची ती खूण. दहा मिनिटं ओढायचं, अर्धा तास टांगायचं, पुन्हा ओढायचं. कडा आधी वाळतात, म्हणून त्यांच्यावर मधूनमधून ओलं फडकं फिरवा. दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात. माझ्या घरी या कामाला दोन माणसं लागली, एक ओढायला आणि एक हसायला.

पूर्ण वाळल्यावर मांसाची बाजू खरकागदाने घासा, केसांची बाजू काचेच्या बाटलीच्या बुडाने घोटा. चकाकी येते.

उरलेलं पाणी आणि सुटणाऱ्या शंका

चुन्याचं पाणी नाल्यात, ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी भरपूर पाण्यात मिसळून रिकाम्या जमिनीवर ओता, तळाचा चुना वाळवून खड्ड्यात पुरा. केस खतात. खारट पाणी झाडांना नको. सालीचा चोथा मात्र वाळवून बंबात जाळला तर मस्त जळतो.

फ्लॅटमध्ये जमेल का, असं अनेकजण विचारतात. बाल्कनीत नाही. चुन्याच्या आठवड्यात वास येतोच, आणि सोसायटीच्या सभेत तो विषय निघणारच. गच्ची आणि समजूतदार शेजारी असतील तर बघा.

केसांसकट ठेवायचं असेल तर तुरटी आणि मिठाची रीत आहे, दहा दिवसांत होते. पण ते चामडं पाण्याने धुतलं की तुरटी निघून जाते आणि कातडं पुन्हा कच्चं होतं. भिंतीवर टांगायला ठीक, वापरायला नाही. हलगी-डफाला मढवतात ते तर कमावलेलंच नसतं. चुन्यातून काढून, ताणून वाळवलेलं कच्चं कातडं असतं, म्हणून तर ते शेकोटीवर शेकल्यावर कडाडतं. तेवढंच हवं असेल तर पाचव्या पायरीनंतर धुऊन चौकटीवर ताणा.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांना थंडीच्या तोंडावर शिकारी शेजाऱ्याकडून हरणाचं कातडं कायदेशीरपणे मिळू शकतं. तिथल्या मूळ रहिवाशांची रीत कातड्याला जनावराचा मेंदू चोळून मग धूर देण्याची. त्याने झालेलं कातडं अतिशय मऊ. मात्र तिथल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग पसरला आहे, आणि त्याचा संसर्ग मेंदूत, मज्जारज्जूत साठतो. मेंदूऐवजी अंड्याचा बलक किंवा साबण-तेलाचं मिश्रण वापरा. दोन्हींनी काम होतं. सालीनेच कमवायचं असेल तर बाभळीऐवजी तिथे ओक किंवा हेमलॉकची साल. पायऱ्या याच.

आता पाचव्या पायरीत बाजूला ठेवलेले तुकडे. ते चुना जाईपर्यंत धुवा, बुडतील इतक्या पाण्यात घाला आणि पातेलं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर पाच-सहा तास ठेवा. उकळी फुटू द्यायची नाही, चिकटपणा मरतो. गाळून ताटात ओता, रात्री जेलीसारखं थिजेल. सुरीने वड्या पाडून जाळीवर वाळवा. हा झाला सरस, म्हणजे कातड्याचा गोंद. वापरायच्या आदल्या रात्री एक वडी पाण्यात भिजत टाकायची, सकाळी कोमट करून ब्रशने लावायची. माझ्या वह्यांचे कणे यानेच चिकटवलेले आहेत.